थांबारावांचं नवं मशीन

माझे भावोजी झाडं उतरवतात. 'पाडतात' म्हटलेलं त्यांना आवडत नाही. पाडतं ते वादळ, असं त्यांचं म्हणणं. माणसानं झाड वरून खाली, तुकड्या-तुकड्यानं, कुणाचं कौल न फोडता उतरवायचं असतं. गेली पस्तीस-छत्तीस वर्षं ते हेच करत आले आहेत. छपरावर झुकलेलं, तारांत शिरलेलं, आतून पोखरलेलं झाड असलं की लोक त्यांच्याकडे येतात. छत्तीस वर्षांत एकही कौल फोडलं नाही असं ते सांगतात. दोन फोडलेली मला माहीत आहेत, पण ती दोन्ही आमच्याच घराची होती, म्हणून ते धरत नसावेत.

सगळे त्यांना थांबाराव म्हणतात. त्याचं कारण असं की कापता कापता ते मध्येच मशीन बंद करतात, डावा हात वर करतात आणि म्हणतात, "थांबा." मग दोर धरलेली माणसं थांबतात, रस्त्यावर बघत उभे असलेले गप्प होतात, आणि भावोजी बुंध्याशी वाकून ऐकत राहतात. लाकूड आतून तुटायला लागलं की आधी अगदी बारीक आवाज करतं म्हणे. बाकीचे लोक एकदा चालू केलेलं मशीन झाड आडवं होईपर्यंत बंद करत नाहीत. भावोजी एका झाडाला पंधरा वेळा बंद करणार आणि पंधरा वेळा दोरी ओढून पुन्हा चालू करणार. बघणारे कंटाळतात. एकदा एकानं विचारलं, "झाडाला विचारून कापताय का?"

भावोजी म्हणाले, "विचारत नाही. पण ते बोलत असताना आपण मध्ये बोलू नये."

त्यांचं मशीन म्हणजे साखळीची करवत, पेट्रोलवर चालणारी. या धंद्यात कंपनीला नावानं कोणी ओळखत नाही, रंगानं ओळखतात. लाल कंपनी, निळी कंपनी, हिरवी कंपनी. भावोजी लालवाले. एकोणीस वर्षं एकच लाल मशीन त्यांनी वापरलं. त्याचा रंग उडून ते विटकरी झालं, मुठीवरचं रबर गेलं तिथं सायकलची ट्यूब गुंडाळली, पण दुसऱ्या रंगाकडे त्यांनी मान वळवून पाहिलं नाही. निळं मशीन वापरणारा माणूस भेटला की त्याच्याशी ते आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलत.

ते मशीन यंदा गेलं. गेलं म्हणजे एकदाचं गेलं. दोरी ओढली तर आत काहीतरी खुळखुळलं आणि तेल गळायला लागलं. नेमक्या त्याच वेळी शाळेमागची वाळलेली निलगिरी उतरवायची त्यांनी कबूल केली होती. ती शाळेच्या छपरावर कलली होती आणि सुट्टी संपायला बारा दिवस होते.

मला ताईनं बोलावून घेतलं. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि ती बोलावते तेव्हा मी अजूनही चप्पल नीट घालून जातो. ती ओट्याशी उभी होती. मला बस म्हणाली नाही.

"ह्यांची बोटं पाहिलीस का कधी?"

"पाहिली की."

"नीट पाहिलीस का, विचारतेय."

मग तिनं सांगितलं. मशीन चालवून आले की भावोजींची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी पडतात. खडूसारखी. तासभर त्यांत काही जाणवत नाही. डॉक्टरांकडे ती त्यांना जवळजवळ ओढत घेऊन गेली होती. इतक्या वर्षांच्या थरथरीनं बोटांतल्या बारीक नसा आखडल्या आहेत, असं डॉक्टर म्हणाले. असंच चालू ठेवलं तर एक दिवस बोटं पुन्हा रंगावर येणार नाहीत.

"मग?"

"मग काय. ते म्हणाले, जुन्या मशीनमुळे होतं, नव्यानं होणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे. शाळा उघडायच्या आत तुमच्या हातांना सोसेल असं मशीन शोधा. मिळालं तर मी एक अक्षर बोलणार नाही. नाही मिळालं तर दोर, पाचरी, कुऱ्हाडी, सगळं दोरीवाल्याच्या हवाली करायचं आणि घरी बसायचं."

दोरीवाला म्हणजे भावोजींबरोबर वीस वर्षं काम करणारा माणूस. वर चढणं आणि दोर बांधणं त्याचं, कापणं भावोजींचं.

"आणि ते हो म्हणाले?"

"लगेच. म्हणूनच तुला बोलावलंय. तू त्यांच्याबरोबर दुकानांत जा. मशीन-बिशीन बघू नकोस, तुला काय कळणार. ह्यांचे हात बघ. हात खिशात गेले की समज."

मी पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचं काम केलं. लोकांच्या नकळत बघायची मला सवय नाही, उलट दार वाजवून, सांगून बघायची सवय. पण ताईला नाही म्हणणं मला साठीतही जमलेलं नाही. शिवाय भावोजी घरी बसले तर काय होतं ते आम्ही पाहिलं होतं. एकदा पाय प्लॅस्टरमध्ये होता म्हणून तीन आठवडे ते घरात होते, तर ताईच्या कुंडीतली सगळी झाडं त्यांनी छाटून छाटून मातीला टेकवली होती.

भावोजींना मी बरोबर येतो म्हटलं तर ते खूश झाले. "या मेहुणेबुवा. माहितीपत्रकातली बारीक अक्षरं वाचायला माणूस पाहिजेच होता."

पहिलं दुकान अर्थातच लाल कंपनीचं. पूर्वी ते एका गल्लीत होतं आणि त्यात एक म्हातारा काउंटरवर डबे घेऊन बसलेला असायचा. आता मोठ्या रस्त्यावर काचेचं झालं होतं. आत इतकं गार होतं की मी चष्मा पुसला. भिंतीवर मशीनं ओळीनं टांगलेली, प्रत्येकावर एक छोटा दिवा. टाय लावलेला विक्रेता पुढं आला आणि बसायला खुर्च्या दिल्या. करवत घ्यायला गेलेल्या माणसाला खुर्ची मिळते हे भावोजींना नवीन होतं. ते बसले नाहीत.

"कोणती रेंज बघताय सर? घरगुती, शेतीसाठी की प्रोफेशनल?"

"पात्याचे दोन नट द्या," भावोजी म्हणाले.

ही त्यांची पद्धत मला नंतर कळली. करवतीचं पातं दोन नटांवर बसवलेलं असतं. साफ करायला ते काढले की भुशात पडतात आणि हरवतात. जगातल्या प्रत्येक करवतीचे ते हरवतात. म्हणून मशीन घेण्याआधी त्याचे दोन नट मागायचे. ज्याच्याकडे नट आहेत त्याच्याकडे मशीन घ्यायचं, कारण मशीन कुणीही विकतो.

विक्रेत्यानं संगणकात पाहिलं. "मागवावे लागतील सर. पंधरा दिवस."

"आणि मशीन?"

"मशीन आत्ता देतो."

"म्हणजे मशीन आत्ता आणि नट पंधरा दिवसांनी. मधले दिवस पातं काय दातात धरायचं?"

विक्रेता हसला. चांगला माणूस होता. त्यानं भिंतीवरचं एक मशीन काढून भावोजींच्या हातात दिलं. भावोजींनी ते तोललं, उलटं केलं, चेनवर अंगठा फिरवला.

"चालू करून बघू?"

"आत पेट्रोलला परवानगी नाही सर. व्हिडिओ दाखवतो ना."

पडद्यावर एक तरुण माणूस हसत हसत एक झाड कापत होता. डोंगर, मागं धबधबा. भावोजींनी पूर्ण पाहिला. मग म्हणाले, "त्याची बोटं दाखवलीच नाहीत," आणि आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर आल्यावर त्यांनी एकदा वळून त्या काचेकडे पाहिलं. एकोणीस वर्षांचा रंग होता.

दुसरं दुकान निळ्या कंपनीचं. तिथं जायला भावोजींना दोन दिवस लागले. जाताना ते आपला स्वतःचा ओंडका हातगाडीवर घालून घेऊन निघाले. दुकानदार चाचणीला मऊ लाकूड ठेवतात, त्यात चमचासुद्धा चालेल, असं त्यांचं म्हणणं. ओंडका त्यांच्याच अंगणातल्या झाडाचा होता, गेल्या वर्षी उतरवलेल्या. हातगाडी मी ढकलली.

निळीचा दुकानदार जाडजूड, दुकानाच्या मध्यभागी स्टुलावर बसलेला, आणि स्टुलावरूनच त्याचा हात सगळीकडे पोचायचा. खिळे, कुलपं, पाईप, रंगाचे डबे आणि त्यातच चार निळी मशीनं.

"अरे वा, थांबाराव. शेवटी आलात. मला वाटलं आता पुढच्या जन्मीच."

"बघायला आलोय."

"बघा की. लालचं तुम्हाला सांगायला नको, तिचं आता सगळं प्लॅस्टिक. हिरवी तर बोलूच नका. पिवळी कुणी घेतो का? पिवळी घेतलेला माणूस मला दाखवा."

"तुम्हीच तीन वर्षांपूर्वी पिवळी विकत होता."

"म्हणून तर सांगतोय."

नट मागितले तर त्यानं न बघता मागच्या बरणीत हात घालून दोन काढून दिले. भावोजींचा चेहरा जरा सैल झाला. दुकानामागं छोटं आवार होतं, तिथं आम्ही ओंडका ठेवला. निळं मशीन दुसऱ्याच ओढीला चालू झालं. मी त्यांच्या डाव्या बाजूला, हात दिसतील असा उभा राहिलो. पातं लाकडात शिरलं, भुसा छान लांब लांब पडायला लागला, दुकानदार माझ्याकडे बघून मान डोलवायला लागला, आणि एकदम कर्रर्र करून ठिणग्या उडाल्या. मशीन मागं उसळलं. भावोजींनी बंद केलं.

ओंडक्याच्या पोटात लोखंडी आकडा होता. बोटाएवढा जाड. झाडानं तो कधीच आत घेऊन वरून साल चढवली होती, बाहेरून काहीच कळत नव्हतं.

"हा कोणत्या शहाण्यानं ठोकला?" दुकानदार म्हणाला. नव्या कोऱ्या चेनचे दात बोथट होऊन बसले होते.

भावोजी वाकून बघत राहिले. तो शहाणा कोण हे मला माहीत होतं. वीस वर्षांपूर्वी ताईची कपडे वाळत घालायची दोरी बांधायला त्यांनीच तो ठोकला होता, आणि शिडी मी धरली होती. लोकांच्या झाडांना कापण्याआधी ते हातभर हातभर चाचपून बघतात, खिळा आहे का, तार आहे का. आपल्या अंगणातलं झाड, म्हणून बघितलं नाही.

"आमचाच आहे," ते म्हणाले.

"मग आता ही चेन मी काय गळ्यात घालू?"

"मी नीट करून आणतो."

"बाईंकडे न्या, बसस्थानकामागं. त्या घासून देतील. झाली तर झाली, नाही तर नवी आणून द्या." मग जरा नरमून म्हणाला, "मशीन कसं वाटलं ते तर सांगा."

भावोजी म्हणाले, "बरं आहे." आणि हात खिशात घातले.

मशीन जेमतेम दोन मिनिटं चाललं असेल. मी पाहिलं, आणि मी पाहतोय हे त्यांनी पाहिलं.

परत येताना हातगाडी मीच ढकलत होतो. चौकापर्यंत ते माझ्या पुढं चालत होते. मग म्हणाले, "तुला हिनं पाठवलंय ना?"

"हो."

"वाटलंच. तू स्वतःहून कधी कुठं येतोस?"

मी हातगाडी एका खड्ड्यातून वर काढली.

"हिला सांगणार?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही असं मी समजत होतो. पण त्या संध्याकाळी ताईनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मशीन काही खास नव्हतं. ओंडक्यात आकडा निघाला, नीट बघताच आलं नाही." यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. ताई माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिनं माझ्यापुढं चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चेन घेऊन बसस्थानकामागं गेलो. बाईंचं दुकान म्हणजे एक शटर, तेही अर्धं वर. आत गवत कापायची यंत्रं, फवारणीचे पंप, एक जनरेटर, सगळं पोट उघडून पडलेलं. बाई पन्नाशीच्या असतील. कपाळावर चष्मा, नखांत काळं तेल. त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर मात्र डबे इतके नीट लावलेले होते की औषधांचं दुकान वाटावं. प्रत्येक डब्यावर आतल्या वस्तूचा एकेक नमुना तारेनं बांधलेला, म्हणजे वाचायला नको. त्या हिरव्या कंपनीच्या विक्रेत्या होत्या, पण बाहेर पाटी नव्हती.

त्यांनी चेन उजेडात धरली. "काय कापलंत?"

"आकडा," भावोजी म्हणाले.

"मुद्दाम?"

"नाही."

त्यांनी चेन शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळली, गोल कानस घेतली आणि एकेक दात घासायला लागल्या. प्रत्येक दाताला तीन हात, एकाच दिशेनं, कमी नाही जास्त नाही. भावोजी बघत राहिले. त्यांना कुणाचं काम आवडलं की ते ओठ आत घेतात. अर्धी चेन झाल्यावर बाई मान वर न करता म्हणाल्या, "काका, बाहेर इतकं ऊन आहे. हात खिशात का?"

"सवय आहे."

"काढा बघू."

ताईनं सांगितलं असतं तर त्यांनी काढले नसते. पण ज्याच्या हातात कानस आहे त्याचं ते ऐकतात. त्यांनी हात काढले. तेव्हा बोटं पांढरी नव्हती, साधीच होती. बाईंनी एका डब्यातून दोन नट काढले, ते एका ताटलीत बऱ्याच वॉशरांत मिसळून त्यांच्यापुढं ठेवले.

"डोळे मिटा. दोन नट उचला."

भावोजी हसले. डोळे मिटले आणि बोटं ताटलीत घातली. पहिल्यांदा त्यांनी दोन वॉशर उचलले. दुसऱ्यांदा काहीच उचललं नव्हतं, पण चिमूट तशीच धरून हात वर घेतला, आणि म्हणाले, "हा घ्या."

हात रिकामा होता. मी ताटलीकडे बघायला लागलो. त्यांनी डोळे उघडले आणि आपल्या चिमटीकडे बघितलं.

बाई म्हणाल्या, "मशीन घ्यायला निघालाय ना? मला कळलं, गावभर चाललंय. माझ्याकडे पेट्रोलची तीन आहेत. तुम्हाला मी त्यातलं एकही विकणार नाही."

"का? हे तुम्ही ठरवणार?"

"दुकान माझं आहे." त्यांनी पुन्हा कानस उचलली. "माझे वडील याच धंद्यात होते. शेवटी शेवटी त्यांच्या शर्टाची बटणं आई लावायची. त्यांना ते कुणी बघितलेलं आवडायचं नाही, म्हणून दार लावून."

माझ्या डोक्यात तेव्हा एक गोष्ट आली, जी आधीच यायला हवी होती. गेलं वर्षभर मी त्यांना बटणाच्या शर्टात पाहिलं नव्हतं. सतत गोल गळ्याचे बनियनवजा टी-शर्ट. मला वाटायचं, म्हातारपणी जरा हौस आली असेल.

बाईंनी शटरच्या आडून एक हिरवं मशीन काढलं. लहान. पातं हातभर. त्याला दोरीच नव्हती, मागं विटेएवढी बॅटरी.

"हे खेळणं आहे," भावोजी म्हणाले.

"आहे."

"यानं निलगिरी होणार?"

"शाळेची? न्या आणि बघा. नाही झाली तर परत आणा. फक्त दोन अटी. एक, त्या दिवशी मी तिथं येणार. दोन, बॅटरी संपली की बसायचं, दुसरी लावायची घाई करायची नाही."

भावोजींनी ते हातात घेतलं, बटण दाबलं. चेन फिरली. बोट उचललं, चेन थांबली आणि लगेच बाहेरून बसच्या वाहकाचं ओरडणं ऐकू आलं. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. असं त्यांनी सात-आठ वेळा केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दोरी ओढावीच लागत नाही."

त्यांचा खांदाही गेलेला होता, हे मला तेव्हा समजलं. पंधरा वेळा बंद आणि पंधरा वेळा चालू, छत्तीस वर्षं. मी तो हिशेब कधी मांडला नव्हता.

घरी गेल्यावर मला वाटलं होतं की आता मलाच सांगावं लागणार. मी वाक्य जुळवत होतो. पण भावोजी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "मला आज दोन नट उचलता आले नाहीत."

ताई भांडी पुसत होती. "माहीत आहे."

"यानं सांगितलं?"

"हा काय सांगतोय. याच्या तोंडावरून कळतं, तेवढाच याचा उपयोग. मी वर्षभर बिनबटणाचे शर्ट आणतेय ते काय उगाच?"

भावोजी उभेच राहिले. ते इतके दिवस तिच्यापासून जे लपवत होते ते लपवायला तीच त्यांना मदत करत होती, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, "मला वाटलं तुला ते आवडतात."

"मला अजिबात आवडत नाहीत. तुमचं पोट दिसतं त्यात."

चेन घासून निळीवाल्याला परत दिली. त्याला हिरव्या खेळण्याचं कळलं होतं. "थांबाराव, ते मशीन लिंबं कापायला चांगलं," तो म्हणाला. भावोजींनी ऐकून घेतलं.

निलगिरीचा दिवस शाळा उघडायच्या तीन दिवस आधीचा. भावोजी, दोरीवाला, दोर धरायला दोन माणसं, बाई, मी, आणि कधी नव्हे ती ताई. तिनं शाळेच्या ओट्यावर पथारी टाकली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. एक बॅटरी मशीनला होती, दुसरी मुख्याध्यापिकांच्या खोलीत चार्जिंगला लावली होती.

वरच्या फांद्या दोरीवाल्यानं कुऱ्हाडीनं आणि हातकरवतीनं आधीच उतरवल्या होत्या. उरला होता बुंधा, दोन हात जाड, छपराकडे कललेला, आणि त्याला मैदानाच्या बाजूला घ्यायचं होतं. भावोजींनी बुंधा हातभर हातभर चाचपला. खूप वेळ चाचपला. मग मैदानाच्या बाजूनं खाच घेतली. पातं लहान, म्हणून दोन्ही बाजूंनी आत शिरावं लागलं. अर्ध्या खाचेतच ते थांबले, डावा हात वर करून म्हणाले, "थांबा."

मशीन आधीच गप्प झालं होतं. मैदानावर एक कावळा सोडून कुणीच आवाज करत नव्हतं.

दोरीवाला म्हणाला, "काका, आम्ही थांबलेलोच आहोत."

माणसं हसली. भावोजीही हसले, आणि तसंच वाकून ऐकत राहिले. म्हणाले, "काय सांगू, असं कधी ऐकू आलं नव्हतं. मशीन बंद केल्यावरही कानांत पाच मिनिटं तेच वाजत राहायचं." मग ते मागच्या बाजूला गेले आणि मुख्य काप घ्यायला लागले. काप अर्ध्यापलीकडे गेला, त्यांनी पाचर ठोकली, पुन्हा कापायला लागले, आणि चेन हळू झाली, अजून हळू, आणि थांबली.

बॅटरी संपली.

अर्धं कापलेलं झाड, दोन दोर, एक पाचर आणि मागं शाळेचं छप्पर. मी मुख्याध्यापिकांच्या खोलीकडे धावलो. धावलो म्हणजे माझ्या वयाला जमेल तसं. बॅटरी घेऊन आलो तर बाई वाटेत उभ्या.

"अट काय होती?"

"अहो, झाड..."

"झाड दोरांवर आहे. वारा नाही. पाचर बसलेली आहे. काका, बसा."

भावोजींनी एकदा झाडाकडे, एकदा बाईंकडे पाहिलं. मला वाटलं आता रागावणार. पण ते आले आणि ताईच्या पथारीवर टेकले. दोर धरलेल्या माणसांनी दोर मैदानाकडेच्या झाडांना बांधून घेतले. पंधरा मिनिटं आम्ही सगळे बसून एका अर्ध्या कापलेल्या झाडाकडे बघत होतो. ताईनं त्यांचा उजवा हात घेऊन उलटा केला, मग डावा. एकेक बोट दाबून बघितलं. सगळ्यांसमोर. त्यांनी हात काढून घेतला नाही.

"करंगळी," ती म्हणाली.

"एकच आहे."

"एक आहेच ना?"

"पूर्वी आठ असायची."

ताईनं करंगळी मुठीत धरून ठेवली, रंगावर येईपर्यंत. मग सोडली आणि म्हणाली, "जा."

दुसरी बॅटरी लावली. चार मिनिटांत भावोजींनी हात वर केला, यावेळी काही बोलले नाहीत. आम्हा सगळ्यांनाच तो आवाज ऐकू आला, जुनं दार हळू उघडावं तसा. दोरीवाल्यानं दोर घेतला आणि निलगिरी मैदानात, आखून दिल्यासारखी, लांबच्या लांब पडली. शाळेचं एक कौल हललं नाही. हे मी स्वतः मोजलं नाही, पण मुख्याध्यापिका म्हणाल्या.

त्या संध्याकाळी ताई आणि भावोजींचं बोलणं झालं. मला बाहेर बसवलं होतं, पण दार उघडं होतं. मोठे बुंधे यापुढं दोरीवाला कापेल, भावोजी जवळ उभे राहून ऐकतील आणि कुठं थांबायचं ते सांगतील. मांडीपेक्षा बारीक काय असेल ते भावोजींचं. दिवसाला दोन बॅटऱ्या. त्यापुढं नाही. दोघंही आपण जिंकलो अशा आवाजात बोलत होते, म्हणून मी समजलो की ठीक झालं असावं.

आता महिना झाला. भावोजी सकाळी जातात, दोन बॅटऱ्यांचं काम करतात आणि साडेदहाला घरी. साडेदहापासून त्यांना करमत नाही. ताईच्या कुंड्या मी माझ्याकडे आणून ठेवल्या आहेत. परवा ते मला म्हणाले, "चल जरा, पाय मोकळे करून येऊ," आणि पाय मोकळे करता करता आम्ही बसस्थानकामागं पोचलो.

"बाई, एक बॅटरी द्या," ते सहज म्हणाले. "जादाची. असावी आपली अडीनडीला."

बाई एका पंपाचं पोट साफ करत होत्या. त्यांच्या मागच्या फळीवर हिरव्या बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या होत्या. मी सवयीनं मोजल्या, सहा होत्या.

"शिल्लक नाही काका," बाई म्हणाल्या.

भावोजींनी फळीकडे पाहिलं. बाईंनी भावोजींकडे पाहिलं. चष्मा कपाळावरून खाली सुद्धा ओढला नाही.

"मागवाल का?"

"पंधरा दिवसांनी विचारा. ताईंना बरोबर घेऊन या."

भावोजी क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी ओठ आत घेतले, त्या साफ करत होत्या तो पंप जरा जवळ ओढला आणि म्हणाले, "ही जाळी अशी नाही निघायची. उलटी फिरवा. मी धरतो." आणि बाईंनी बाजूचं स्टूल पायानं त्यांच्याकडे सरकवलं.